न वाजणारी घंटा: लिबर्टी बेल राष्ट्रचिन्ह कशी झाली

मातीचं मडकं विकत घेताना आपल्याकडे ते बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. कुठंतरी बारीक तडा असणार. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक घंटा जपून ठेवली आहे, जी या परीक्षेत साफ नापास होईल. तिच्या अंगावर बोटभर रुंद चीर आहे आणि १८४६ नंतर ती कधीच पूर्ण जोरानं वाजलेली नाही. तरी तिला पाहायला माणसं रांगा लावतात. तिचं नाव लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा.

तिची लोकप्रिय गोष्ट अशी सांगतात: ४ जुलै १७७६ ला अमेरिकेनं ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, त्या आनंदात ही घंटा इतकी बडवली की तिला तडा गेला. ऐकायला छान आहे, पण त्या दिवशी ती वाजल्याचा पुरावा नाही, तडा कितीतरी नंतरचा आहे, आणि तिला ‘स्वातंत्र्याची घंटा’ हे नाव मिळालं ते ब्रिटिशांशी झालेल्या लढ्यामुळं नव्हे. खरी गोष्ट मला या गोष्टीपेक्षा खूप मोलाची वाटते. ती कळायला घंटेवर कोरलेला एक शब्द मनात धरून पुढं जावं लागेल. तो शब्द आहे ‘सर्व’.

लंडनहून मागवलेली घंटा

१७५१ साली पेनसिल्व्हेनिया ही ब्रिटिशांची वसाहत होती आणि फिलाडेल्फिया तिची राजधानी. तिथल्या विधानसभेच्या इमारतीला (तेव्हा तिला स्टेट हाउस म्हणत, आज ती इंडिपेन्डन्स हॉल म्हणून ओळखली जाते) मनोरा चढत होता आणि त्यात टांगायला घंटा हवी होती. सभापती आयझॅक नॉरिस यांनी लंडनमधले वसाहतीचे प्रतिनिधी रॉबर्ट चार्ल्स यांना पत्र लिहून सुमारे २००० पौंड, म्हणजे नऊशे किलोंच्या आसपास वजनाची घंटा मागवली. घंटेवर काय कोरायचं तेही पत्रातच कळवलं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातलं ते १० वं वचन आहे. त्याचा अर्थ असा: देशभर, देशातल्या सर्व रहिवाशांसाठी, स्वातंत्र्याची द्वाही फिरवा.

हे वचन मूळात ‘योबेल’ वर्षाबद्दलचं आहे. प्राचीन इस्राएली लोकांच्या धर्मनियमानुसार दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकायचं, कर्जापायी दास झालेल्यांना आपापल्या घरी जाऊ द्यायचं आणि हातातून गेलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्याला परत करायची. नॉरिसनी हेच वचन का निवडलं? वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी १७०१ मध्ये रहिवाशांना हक्कांची सनद दिली होती आणि १७५१ ला तिला बरोबर पन्नास वर्षं होत होती. त्याची ही आठवण असावी असं साधारणपणे मानलं जातं. ब्रिटनपासून फुटून निघण्याचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. नॉरिस हे ब्रिटिश राजाचेच प्रजाजन होते आणि घंटाही त्यांनी राजाच्याच राजधानीतून मागवली होती.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या ओतशाळेत ती तयार झाली. पुढं शंभरेक वर्षांनी लंडनची बिग बेन घंटाही याच ओतशाळेनं घडवली, आणि योगायोग असा की तिलाही थोड्याच दिवसांत तडा गेला. पण बिग बेन थोडी फिरवून, हलका हातोडा लावून पुन्हा वाजती केली गेली. फिलाडेल्फियाच्या घंटेच्या नशिबी ते नव्हतं.

तांबं, कथील आणि दोन ओतारी

१७५२ मध्ये घंटा जहाजातून उतरली. पुढच्या वर्षी आवाज पाहायला म्हणून ती टांगली, लोलकाचा पहिलाच टोला पडला आणि तिची कड तडकली. नॉरिसनी लिहून ठेवलं आहे की दुसरा कसलाही आघात झालेला नसताना केवळ लोलकाच्या टोल्यानं हे घडलं.

असं का व्हावं, हे धातू कळला की कळतं. घंटा ओततात ती कांशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची. तांबं एकटं मऊ असतं; त्यावर टोला मारला तर नाद लगेच विरतो. कथील मिसळलं की धातू कडक होतो आणि नाद लांबतो. आपल्या देवळातल्या घंटेचा टोला दिल्यानंतरही गाभाऱ्यात घुमत राहतो तो या कडकपणामुळं. पण कडकपणाला किंमत असते. कथील जास्त झालं की धातू ठिसूळ होतो, वाकण्याऐवजी फुटतो. घंटा ओतणाऱ्याचं सगळं कसब या दोन टोकांमधली जागा शोधण्यात असतं.

फिलाडेल्फियातल्या जॉन पास आणि जॉन स्टो या दोघांनी हे काम अंगावर घेतलं. पास मूळचा माल्टा बेटावरचा, स्टो फिलाडेल्फियाचाच. त्यांनी फुटकी घंटा वितळवली आणि ठिसूळपणा जावा म्हणून दर पौंडामागं दीड औंस तांबं जादा घातलं. घंटा मजबूत झाली, पण आवाज गेला. टोला ऐकून लोकांनी थट्टा केली. दोघांनी ती परत वितळवली, मिश्रण सुधारलं आणि १७५३ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा ओतलेली घंटा मनोऱ्यात चढली. आज आपण पाहतो ती हीच. तिच्यावर ‘पास अँड स्टो’ ही नावं ठळक अक्षरांत आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एन’ कमी दिसतो, पण ती चूक नव्हे; त्या काळी असंही लिहीत.

नॉरिसचं समाधान तरीही झालं नाही. त्यांनी लंडनहून आणखी एक घंटा मागवली. ती आली, पण हिच्यापेक्षा काही बरी वाजेना. शेवटी दोन्ही ठेवून घेतल्या.

पुढची वीस वर्षं ती एक कामाची वस्तू होती. सभासदांना बैठकीला बोलवायचं, लोकांना महत्त्वाची खबर ऐकायला जमवायचं, एवढं तिचं काम. १७७२ मध्ये शेजारपाजारच्या लोकांनी विधानसभेकडे लेखी तक्रार केली की ही घंटा फार वेळा वाजते आणि आम्हाला तिचा त्रास होतो. पुढं जिच्यापुढं देश मान लववणार होता, तिच्याबद्दल शेजाऱ्यांचं मत हे असं होतं.

१७७६: काय घडलं, काय नाही

४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच इमारतीत मंजूर झाला. पण त्या दिवशी तो लोकांना वाचून दाखवला नव्हता, त्यामुळं घंटा वाजवण्याचा प्रसंगच नव्हता. जाहीर वाचन झालं ८ जुलैला. कर्नल जॉन निक्सन यांनी स्टेट हाउसच्या आवारात उभं राहून तो वाचला आणि शहरातल्या घंटा वाजल्या. त्यांत ही असेलही. मात्र लाकडी मनोरा तेव्हा इतका कुजलेला होता की तिथं जोरात घंटा वाजवणं धोक्याचं होतं.

पुढच्या वर्षी ब्रिटिश फौज फिलाडेल्फियावर चालून आली. तोफांसाठी धातू लागत असल्यानं शत्रूच्या हाती घंटा पडली की ती भट्टीत जाणार हे ठरलेलं. म्हणून शहरातल्या घंटा उतरवून हलवल्या. ही घंटा गाडीतून नेताना वाटेत बेथलेहेम गावात गाडी मोडली, ती दुसऱ्या गाडीवर चढवावी लागली, आणि अखेर आज ज्याला ॲलनटाउन म्हणतात त्या गावातल्या झायन चर्चच्या तळाशी लपवली गेली. १७७८ मध्ये ब्रिटिशांनी शहर सोडल्यावर ती परतली.

त्यानंतर तिचा मान वाढला असेल असं वाटतं. तसं झालं नाही. राज्याची राजधानी फिलाडेल्फियातून हलली, जुनी इमारत पडून राहिली, आणि राज्य सरकारनं ती जागा प्लॉट पाडून विकायचं ठरवलं. शेवटी फिलाडेल्फिया शहरानं ७०,००० डॉलर मोजून ती विकत घेतली म्हणून वाचली. १८२८ मध्ये शहरानं जॉन विल्बँक नावाच्या ओताऱ्याकडून नवी घंटा करून घेतली, तेव्हा जुनी घंटा ४०० डॉलरच्या मोबदल्यात वळती करून घ्यायचं ठरलं होतं. विल्बँकनं हिशेब केला, वाहून नेण्याचा खर्चच जास्त पडत होता, आणि त्यानं ती तिथंच सोडून दिली. मोडीतही परवडली नाही म्हणून जी उरली, ती ही घंटा.

दिसते ती चीर म्हणजे तडा नाही

हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिला तडा नेमका केव्हा गेला याची नोंद नाही. १८३५ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी गेला ही प्रसिद्ध हकिकत बरीच नंतरची आहे. १८४० च्या दशकात मात्र घंटेला बारीक तडा होता एवढं नक्की.

तडा गेलेली घंटा बद्द का वाजते? घंटा वाजते म्हणजे तिची सगळी गोल कड थरथरते. तडा असला की त्याच्या दोन्ही कडा थरथरताना एकमेकींवर घासतात, आपटतात. त्यातून खरखर निघते आणि नाद मरतो. शिवाय त्या घासण्यानं तडा वर सरकत राहतो. यावर जुन्या कारागिरांचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: तडा बुजवायचा नाही, उलट रुंद करायचा. ड्रिलनं कोरून दोन्ही कडा इतक्या लांब न्यायच्या की त्या एकमेकींना टेकूच नयेत, आणि मग पुढं सरकू नये म्हणून रिव्हेट ठोकायचे.

१८४६ च्या फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवता यावी म्हणून नेमकं हेच केलं गेलं. आज फोटोत जी रुंद चीर दिसते ती ही दुरुस्ती आहे. नीट निरखलं तर तिच्या कडांवर ड्रिलच्या चाळीसहून अधिक खुणा दिसतात. खरा तडा वेगळाच आहे. दुरुस्त केलेली घंटा जयंतीला काही तास छान वाजली आणि मग त्या चिरेच्या वरच्या टोकापासून केसासारखी दुसरी रेघ निघाली, वरच्या अक्षरांपर्यंत पोचली. ती रेघ ‘लिबर्टी’ या शब्दातूनच जाते. तिनं घंटेचा आवाज कायमचा बंद केला. लांबून दिसते ती मलमपट्टी, आणि जखम जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

नाव कुणी दिलं

आता त्या ‘सर्व’ शब्दाकडे येऊ. अठराशे तीसच्या दशकापर्यंत या घंटेला कुणी लिबर्टी बेल म्हणत नव्हतं. ती होती स्टेट हाउसची घंटा. हे नाव तिला दिलं गुलामगिरी नष्ट करायला निघालेल्या लोकांनी.

त्यांच्यातल्या कुणीतरी घंटेवरची अक्षरं वाचली आणि त्या वचनातला बोचणारा प्रश्न पकडला. ‘सर्व रहिवाशांसाठी’ असं कोरलंय, मग देशातले लाखो कृष्णवर्णी स्त्रीपुरुष गुलाम कसे? १८३५ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीच्या एका नियतकालिकानं लिहिलं की या घंटेनं आजवर आपल्यावरचा लेख पाळलेला नाही; देशातले सहापैकी एक रहिवासी दास्यात असताना तिचे टोले म्हणजे विटंबना आहे. १८३९ मध्ये बॉस्टनच्या कार्यकर्त्यांच्या पुस्तिकेत ‘लिबर्टी बेल’ नावाची कविता आली आणि विल्यम लॉईड गॅरिसन यांच्या ‘लिबरेटर’ या पत्रानं ती पुन्हा छापली. बॉस्टनच्या मारिया वेस्टन चॅपमन याच नावाचा वार्षिक अंक काढून तो चळवळीच्या जत्रेत निधीसाठी विकत. हळूहळू नाव रुजलं.

मराठी वाचकाला इथं थांबावंसं वाटेल. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कुणाला अर्पण केलं? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली. ज्या लोकांनी या घंटेला तिचं नाव दिलं, तेच हे लोक. पुण्यात बसून फुल्यांनी अमेरिकेतून नेमकं काय उचलावं हे ठरवलं होतं. ना तिथली सत्ता, ना संपत्ती; त्यांनी निवडली ती ही माणसं.

मग १७७६ ची गोष्ट आली कुठून? १८४७ मध्ये, म्हणजे घंटा मुकी झाल्याच्या पुढच्याच वर्षी, फिलाडेल्फियाचे लेखक जॉर्ज लिपार्ड यांनी एक कथा लिहिली. मनोऱ्यात एक म्हातारा घंटा वाजवायला ताटकळत बसला आहे, खाली दाराशी एक निळ्या डोळ्यांचा पोरगा. जाहीरनामा मंजूर होताच पोरगा ओरडतो, ‘वाजवा!’ सगळी कल्पना होती. पण ती इतकी चित्रदर्शी होती की पुढं इतिहासाच्या पुस्तकांत शिरली आणि मुलं ती खरी म्हणून शिकली. त्यामुळं एक गोष्ट निसटली, आणि तिचं मला फार वाईट वाटतं: लोकांना घंटेचा संबंध १७७६ शी ठाऊक झाला आणि गुलामगिरीविरोधी लढ्याशी असलेला तिचा संबंध विसरला गेला.

आगगाडीतून फिरलेली घंटा

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली. १८६५ च्या एप्रिलमध्ये खून झालेल्या अब्राहम लिंकनचं पार्थिव याच इमारतीत दर्शनाला ठेवलं, तेव्हा शवपेटीच्या उशाशी ही घंटा होती. १८८५ ते १९१५ या काळात ती सात वेळा आगगाडीनं देश फिरली: न्यू ऑर्लिन्स, शिकागो, अटलांटा, चार्ल्स्टन, बॉस्टन, सेंट लुईस आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्को. वाटेवरच्या गावांत माणसं रात्री अपरात्री रुळांशेजारी उभी राहायची, मुलांना घंटेला हात लावायला उचलून धरायची.

फुटलेल्या देशाला जोडणं हा या दौऱ्यांचा एक हेतू होता. १८८५ च्या दौऱ्यात जेफरसन डेव्हिस हे आजारपणातून उठून तिला मान द्यायला आले. गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेचे हे माजी अध्यक्ष. उत्तर आणि दक्षिण या घंटेभोवती एकत्र आली खरी, पण त्याच वर्षांत दक्षिणेतले कृष्णवर्णी लोक मतदानाचा हक्क आणि माणुसकीची वागणूक गमावत होते. ‘सर्व’ हा शब्द घंटेवर तसाच होता. समारंभात तो कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं.

प्रवासात घंटेची झीज झाली, आठवण म्हणून लोकांनी तिच्या कडेचे टवके काढले, तडा वाढल्याची भीती वाटू लागली. १९१५ नंतर तिला शहराबाहेर नेणं बंद झालं.

त्याच १९१५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कॅथरिन वेंटवर्थ रुशेनबर्गर यांनी स्वतःच्या खर्चानं हिची प्रतिकृती ओतून घेतली. तडा नसलेली, अखंड. पण तिचा लोलक साखळीनं बांधून ठेवला: स्त्रियांना मताचा अधिकार मिळेपर्यंत ही वाजणार नाही. ट्रकवर चढवून ती राज्याच्या सगळ्या ६७ परगण्यांत फिरवली. त्या वर्षीचं मतदान स्त्रियांच्या विरोधात गेलं. लोलक बांधलेलाच राहिला. १९२० मध्ये घटनादुरुस्ती झाल्यावर सप्टेंबरमध्ये इंडिपेन्डन्स हॉलच्या मागच्या चौकात साखळी सोडली आणि ती घंटा वाजली. फुटकी घंटा बोलू शकत नव्हती आणि अखंड घंटेला बोलू दिलं जात नव्हतं. त्या बायकांनी उभं केलेलं हे चित्र कुठल्याही भाषणापेक्षा ताकदीचं आहे.

मूळ घंटेला त्यानंतर फक्त हलके टोले मिळाले. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा महापौर बर्नार्ड सॅम्युएल यांनी लाकडी हातोडीनं तिच्यावर टोले दिले आणि तो आवाज रेडिओवरून देशभर गेला. त्याच्या दोन वर्षं आधी, १ फेब्रुवारी १९४२ ला, गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढं फिलाडेल्फियात बँक उभी करणारे रिचर्ड रॉबर्ट राइट यांनी तिच्यापुढं पुष्पचक्र वाहिलं होतं. १८६५ मध्ये याच तारखेला लिंकननी गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर सही केली होती. घंटेला तिचं नाव ज्यांच्यासाठी मिळालं, त्यांच्यापैकी एक माणूस शंभर वर्षांनी तिच्यासमोर उभा राहून तेच आठवण करून देत होता.

आज ती आहे तिथं

२००३ पासून घंटा नव्या इमारतीत आहे. ही इमारत बांधायच्या वेळी इतिहासकारांनी लक्षात आणून दिलं की शेजारीच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचं निवासस्थान होतं. फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना ते तिथं राहत आणि त्यांच्या सेवेला नऊ गुलाम होते. त्यांतल्या काहींची राहायची जागा नव्या इमारतीच्या दाराजवळच येत होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार सलग सहा महिने तिथं राहिलेल्या गुलामाला मोकळं व्हायचा हक्क मिळत असे, म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणलं जाई. बरीच वर्षं वाद झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि २०१० मध्ये त्या नऊ जणांचं स्मारक तिथं उभं राहिलं.

त्या नऊ नावांत एक ओनी जज आहे, मार्था वॉशिंग्टन यांची दासी. १७९६ च्या मे महिन्यात मालक मंडळी जेवायला बसलेली असताना ती घरातून निघाली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचे प्रयत्न केले, ती गेली नाही. ज्या घरातून ती पळाली तिथून स्टेट हाउसचा मनोरा हाकेच्या अंतरावर होता. ही घंटा तिनं कितीदा ऐकली असेल. म्हातारपणी तिची मुलाखत १ जानेवारी १८४७ च्या ‘लिबरेटर’मध्ये छापून आली, घंटेचं नवं नाव पसरवणाऱ्या त्याच पत्रात. घंटा तेव्हा मुकी होऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या वर्षी ओनी वारली. कायद्याच्या कागदावर ती तेव्हाही गुलामच होती.